शेपटीवरचा तडा

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना विमानतळाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा आत्याला फोन आला. तिने केलेल्या एका विमानाच्या शेपटीला तडा गेलाय, तेवढा येऊन बुजवून द्या, म्हणाला.

आत्याने तीस वर्षं तिथल्याच दुरुस्ती विभागात पत्रे ठोकले होते. विमानतळाचा इतिहास दाखवणारी हातभर लांबीची एकोणीस विमानं तिनेच निवृत्तीनंतर आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून घडवली होती. मी तिला गाडीतून घेऊन गेले.

अधिकारी काचेच्या कपाटापाशी उभाच होता. "बघा ना बाई, बारीकच आहे, पण फोटोत दिसेल."

"दिसावा म्हणूनच केलाय."

तो हसला. आत्या हसली नाही. ती खालची पाटी वाचत होती : 'वैमानिकाच्या चुकीमुळे अपघातग्रस्त.'

"हे कोणी लिहिलं?"

"चौकशी अहवालात तसंच आहे."

"अहवाल गेला चुलीत. उड्डाणाच्या आदल्या दिवशी हा तडा मी माझ्या हाताने नोंदवहीत लिहिला होता. साहेबांनी ते पान फाडलं आणि विमान सोडलं. सात माणसं गेली, आणि खापर फुटलं वैमानिकावर. तो काय, उलट बोलायला उरलाच नव्हता."

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "मग हे विमान काढूनच टाकू. प्रवाशांना उगाच कशाला घाबरवायचं?"

आत्याने त्याला कपाट उघडायला लावलं, विमान उचललं आणि सरळ चालू लागली. तो मागून विमानतळाच्या मालमत्तेबद्दल काहीबाही बोलत राहिला.

"पोलीस बोलवा," ती वळूनही न बघता म्हणाली. "त्यांनाही सांगायचंच आहे मला."

गाडीत ती दातओठ खात बसली होती. मी घराकडे वळणार, तर तिने एक पत्ता सांगितला. वैमानिकाच्या बायकोचा. अपघातानंतरच्या सव्वीस वर्षांत ती त्या दारात एकदाही गेली नव्हती.

बाईंनी सगळं उंबऱ्यातच ऐकून घेतलं. शेपटीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझ्या मुलीला वर्गातली पोरं 'विमानपाड्याची पोर' म्हणून चिडवायची. तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

इतका वेळ अधिकाऱ्यावर, साहेबांवर धुमसणारा आत्याचा राग फिरून तिच्याच अंगावर आला. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"नोकरी जाईल म्हणून तोंड शिवून बसले होते," ती म्हणाली.

बाई दारातून बाजूला झाल्या. "आत या. चहा विचारणार नाही. कागद देते. आत्ता बोललात ते सगळं लिहा, खाली तारीख आणि सही."

आत्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहू लागली. बाई समोर हाताची घडी घालून बसल्या. पहिलं पान भरल्यावर त्यांनी ते ओढून वाचलं आणि परत तिच्यापुढे सरकवलं.

"साहेबाचं नाव राहिलं."

आत्याने ते लिहिलं. बापाच्या नावासकट, पूर्ण.