पश्चिमेच्या काचा

गेल्या वर्षी मे महिन्यात सुमनबाई ऑफिसात चक्कर येऊन पडल्या, तेव्हापासून रुपचंद फालकांनी पश्चिमेच्या काचांशी वैर धरलं.

झुंबरलालशेठांच्या डाळीच्या पेढीचं जळगावातलं हे ऑफिस तीन मजली. मूळची इमारत साधी विटांची होती. पुढे कुणीतरी शेठांच्या डोक्यात पुण्याची हौस भरवली आणि रस्त्याकडची भिंत फोडून निळ्या काचा बसवल्या. बाहेरून देखणं दिसायचं. आत मात्र दुपार कलली की भट्टी पेटायची. एसी नुसते घरघरत राहायचे, विजेचं बिल फुगायचं, आणि हिशेबाच्या टेबलावरच्या सुमनबाई रुमाल ओला करून मानेवर ठेवायच्या.

रुपचंद तिथले व्यवस्थापक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पिंप्राळ्याच्या घरात ते एकटेच. सुमनबाईंचाही नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन धुळ्याला. दुपारी त्यातल्या त्यात गार कोपऱ्यात दोघं एकाच टेबलावर डबा उघडत. रुपचंदांच्या डब्यात स्वतःच्या हातची, एका बाजूने करपलेली पोळी असायची. बाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी त्यांच्या झाकणात ठेवत. "घ्या, भाऊ."

त्या 'भाऊ'च्या पुढे काही बोलायची रुपचंदांची कधी छाती झाली नाही.

बाईंना दवाखान्यातून घरी सोडून आल्यावर ते तडक शेठांकडे गेले. "काचा काढल्या पाहिजेत," म्हणाले. शेठ हसले. "काचा काढल्या तर बाजार म्हणेल, पेढी बसली!" रुपचंद गप्प बसले नाहीत. आठवड्याआड तोच विषय काढत राहिले. शेवटी शेठांची नात चेलना अहमदाबादहून आर्किटेक्ट होऊन आली आणि तिने आजोबांना गच्चीवर भरदुपारी उभं केलं. स्लॅबच्या चटक्याने शेठ पाय उचलू लागले. "आजोबा, हे ऊन आपण रोज आत घेतो आणि मग वीज जाळून बाहेर काढतो," ती म्हणाली. शेठांना धंद्याची भाषा कळली.

हिवाळा सरताना काम निघालं. सगळा स्टाफ धुळ्याच्या शाखेत हलवला. देखरेखीला रुपचंद एकटे मागे राहिले.

काचा उतरल्या. त्या जागी पोकळ विटांची भिंत उठली, तिला दुहेरी काचांच्या लहान खिडक्या आणि बाहेरून उन्हाला अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या. गच्चीवर उष्णता रोखणारा थर, त्यावर पांढरा रंग. जुने एसी भंगारात गेले. रुपचंद धुळीत उभे राहून प्रत्येक खिडकीच्या फटीवरून हात फिरवायचे, हवा लागते का बघायचे. संध्याकाळी मजूर निघून गेले की रिकाम्या मजल्यांवर त्यांच्या चपलांचा आवाज घुमायचा. मग ते काहीतरी निमित्त काढून धुळ्याला फोन लावायचे.

"सुमनबाई, जुन्या पावत्यांच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

"तुमच्याच खणात शे, भाऊ. मागेपण सांगितलं होतं."

"असं का. बरं. तब्येत काय म्हणते?"

"आठे धुळ्याला बठ्ठं बरं शे. नातू आता उभा राहतो."

फोन ठेवला की इमारत आणखी मोठी वाटायची.

चेलनाने टेबलांच्या जागा ठरवायला घेतल्या, तेव्हा रुपचंदांनी पूर्वेच्या खिडकीवर बोट ठेवलं. सकाळचा उजेड, बाहेर कडुनिंब, दुपारी ऊन नाही.

"इथे कोण बसणार, काका?"

"हिशेब," ते म्हणाले.

मे उजाडला आणि सुमनबाई स्वतःच आल्या. बाहेर रस्ता तापून ओस पडला होता. बाई आत आल्या, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दारातच थांबल्या.

"कितलं गार शे, भाऊ! एसी तर दिसत नाही कुठं."

रुपचंदांचा चेहरा उजळला. एसी लहान लागतो आता, दुपारनंतरच लावतो, असं सांगत ते त्यांना पूर्वेच्या खिडकीशी घेऊन गेले. बाईंनी टेबलावरून हात फिरवला. कडुनिंबाकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "भाऊ, मी माझं सामान न्यायला आलेय. शेठांना विचारून धुळ्याच्याच शाखेत राहते. मुलीची नोकरी लागली, नातवाला माझा लळा लागलाय. देवपुरात तिच्या घराशेजारीच खोली मिळाली."

रुपचंदांनी खिडकीची कडी उगाच उघडून पुन्हा लावली.

"बरं केलंत," ते म्हणाले.

"हे टेबल छान आहे. कुणाचं?"

"नवीन कुणी येईल, त्याचं."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. काही विचारतील असं वाटलं. पण त्या कपाटाकडे वळल्या. चहाचा कप, शाल, देवीचा फोटो, एवढंच सामान. रुपचंदांनी ते पिशवीत भरून दिलं, बाईंना स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. बस सुटताना बाई खिडकीतून म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर." बस वळली, धूळ बसली, तरी ते रसवंतीच्या ताडपत्रीखाली उभेच होते.

पुढच्या आठवड्यात स्टाफ परतला. सगळ्यांनी इमारतीचं कौतुक केलं. शेठांनी पेढे वाटले. दुपारी जो तो आपापल्या टेबलावर डबा उघडू लागला, कारण आता कुठेच गरम होत नव्हतं. रुपचंदांनी पोळीचा करपलेला भाग काढून ठेवला आणि उरलेली खाल्ली.

त्याच दुपारी चेलना त्यांच्या खोलीत आली.

"काका, आजोबांनी धुळ्याची शाखाही करायला सांगितलीय. पावसाळ्यानंतर सुरू. तुम्ही चला ना तिकडे, चारपाच महिने. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

रुपचंदांनी डब्याचं झाकण पुसून लावलं. धुळ्याला जायचं, रोज समोर बसायचं, आणि काम संपलं की पुन्हा परत यायचं. बाई तिथे नातवात रमल्या आहेत. आपण कोण म्हणून जाणार?

"नको, ताई. माझं वय झालं आता. इथलाच दुसरा माणूस पाठवा, मी फोनवर सांगत जाईन."

ती उठली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"सुरुवात मागच्या, हिशेबाच्या खोलीपासून करा. ती फार तापते."

"तुम्ही कधी गेलात तिकडे?"

"नाही गेलो. फोनवर बोलताना मागे कूलरचा आवाज यायचा. अगदी सकाळीसुद्धा."

चेलनाने मान हलवली. दार तिच्यामागे आवाज न करता लागलं, नव्या दारांची तशीच सवय होती. खोलीत छान गारवा होता.