दादाचा वस्तरा

"वस्तरा मोठ्या बॅगेत टाका," असं बायको दोनदा म्हणाली. मीच खेकसलो तिच्यावर. "बॅग हरवली म्हणजे? हत्यार मी कुणाच्या हवाली करत नसतो." चाळीस वर्षं दाढ्या करतोय, वस्तरा एक तर माझ्या हातात, नाहीतर हाताशी. तीच खोड नडली.

वस्तरा मुळात दादाचा. त्यानंच मला धंद्याला लावलं. आता त्याची नजर गेलीय आणि माणसंही विसरलाय. मागल्या खेपेला मलाच म्हणाला, "आपण कोण?" मग मी त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, तशी माझा हात चाचपत म्हणाला, "धाकट्या, कधी आलास रे?" परवा डॉक्टरांचा फोन आला, फार दिवस नाहीत म्हणून. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं.

तपासणीच्या यंत्रातून माझी पिशवी निघाली ती थेट बाजूला गेली. तिथल्या साहेबानं वस्तरा उघडून पाहिला.

"काका, हा विमानात नेता येत नाही."

"अहो, न्हावी आहे मी! हजारो गळ्यांवर फिरलाय हा, एकालाही ओरखडा नाही."

मागच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. माझं मेलं तोंडच असलं!

"मोठ्या बॅगेत चालला असता," साहेब म्हणाला.

"ती तर गेली ना!"

"मग बाहेर जाऊन कुणाकडे तरी द्या."

कुणाकडे देणार? जावई मला सोडून केव्हाच परतला होता. बाहेर गेलो तर विमान चुकणार, आणि पुढचं थेट परवा. तोवर दादा थांबेल कशावरून?

हात जोडले. चिडलो. पुन्हा हात जोडले. साहेबाच्या हनुवटीखाली चार केस तसेच राहिले होते, तेही दिसत होते मला. काय करणार, सवय. माणूस वाईट नव्हता हो. "नियम आहे, काका," म्हणाला आणि वस्तरा मिटून, कात्र्या-चाकू पडले होते त्या डब्यात हळूच ठेवला.

मोठी बॅग अगदी सुखरूप पोचली. आत माझे चार शर्ट.

वॉर्डात नर्सबाईंनी प्लास्टिकचं रेझर आणून दिलं. दादाची दाढी महिन्याभराची वाढली होती. मी फेस लावला, कानाशी वाकून म्हणालो, "दादा, धाकटा आलाय." तो नुसता छताकडे तोंड करून पडून होता. गळ्यावर रेझर टेकवलं, तसा माझा हात त्यानं झटकला.

"राहू द्या हो. माझा भाऊ यायचाय. माझी दाढी तोच करतो."

"अरे दादा, मीच तो."

"वस्तरा घेऊन येतो तो," दादानं मला समजावलं.

फेस गालावर वाळत चालला. मला रडू आवरेना. शेवटी म्हणालो, "बरं, वाट बघू या त्याची."

"तुम्हीही बसा ना," दादा म्हणाला. "येईलच तो एवढ्यात."