अर्थ सांगणारी

दोन्ही ख्रिस्ती मंडळ्यांतले लोक तिला वहिनीच म्हणत, कारण त्यांतल्या एका मंडळीचा पाळक तिचा धाकटा दीर होता. समेटाच्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा ती आपल्या शिलाईच्या दुकानात बाप्तिस्म्याच्या झग्यांच्या घेरात शिशाचे तुकडे शिवत होती. शिसं नसलं की बाप्तिस्म्याला पाण्यात उतरताना झगा फुगून वर येतो आणि भलत्या वेळी हसू होतं. तिच्यासारखा घेर कुणाला जमत नसे, म्हणून फूट पडल्यावरही दोन्हीकडचे झगे तिच्याकडेच येत. बोलावणं घेऊन पोस्टमास्तर आले होते. निवृत्त झाले तरी निरोप स्वतः पोचवायची त्यांची सवय गेली नव्हती, आणि दोन्ही मंडळ्या पुन्हा एक करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

फूट दिराने पाडली होती. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यायचा की फक्त येशूच्या नावाने, यावर त्याचं मत बदललं; फक्त येशूच्या नावाचाच खरा, असं तो म्हणू लागला. त्याने स्वतः पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि अर्धी मंडळी घेऊन तो वेगळा झाला. इथवर वहिनीने सोसलं. पण तिचा नवरा वारला तेव्हा दिराने भरल्या हॉलमध्ये शवपेटीशेजारी उभं राहून सांगितलं की दादा भला माणूस होता, पण त्याचा बाप्तिस्मा जुन्या रीतीचा, तेव्हा तो कुठे गेला हे आपण सांगू शकत नाही. याच दादाने त्याला लहानाचा मोठा केला होता. बाहेर पडताना कुणीतरी विचारलं, मग वहिनींचाही बाप्तिस्मा जुन्याच रीतीचा, त्यांना आत्म्याचं दान कसं मिळालं?

"बाप्तिस्माच खरा नाही, तर दान कुठलं?" दीर म्हणाला. वहिनी मागेच चालत होती.

दान अर्थ सांगण्याचं होतं. प्रार्थनेत कुणी आत्म्याने भरून अनोळखी भाषेत बोललं, की त्याचा अर्थ तिला उमगे आणि ती तो सगळ्यांना सांगे. हे दान दोन्हीकडे दुसऱ्या कुणाला नव्हतं. दिराचा नियम मात्र कडक होता: अर्थ सांगणारं कुणी नसेल, तर बोलणाऱ्याने गप्प खाली बसायचं. कित्येकांना त्याने भर सभेत असं बसवलं होतं.

वहिनीने दाताने दोरा तोडला आणि येते म्हणून सांगितलं. पोस्टमास्तरांना वाटलं, राग निवळला.

सभा एका शाळेत ठेवली होती. वाद घालायचा नाही, एकत्र प्रार्थना करायची आणि आत्मा जे सांगेल ते दोघांनी मानायचं, एवढंच ठरलं होतं. प्रार्थना रंगली आणि दिराचे हात वर गेले. आवाज कापरा झाला, तोंडून अनोळखी भाषा वाहू लागली. मग तो थांबला. सगळे वाट पाहू लागले.

वहिनी गप्प बसायचं ठरवूनच आली होती. पण अर्थ आला, नेहमीसारखा, पुरा आणि स्वच्छ: तुझा भाऊ माझ्यापाशी आहे. त्याला नाकारलंस तेव्हा मला नाकारलंस. आता परत ये.

खुद्द दिराच्याच तोंडून. उठून सांगितलं असतं तर नवऱ्याचं नाव त्याच दिवशी धुऊन निघालं असतं. पण पुढचंही तिला दिसलं: दीर रडणार, लोक त्याला मिठ्या मारणार, पश्चात्ताप केला म्हणून त्याचंच कौतुक होणार. एवढ्या स्वस्तात तिला त्याला सोडायचं नव्हतं.

पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं, काही कळलं का. ती उभी राहिली.

"मला कसं कळणार? भाऊजी म्हणतात, माझा बाप्तिस्माच झालेला नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. माना दिराकडे वळल्या. वहिनींचा बाप्तिस्मा खरा आहे, एवढं म्हटलं की भागणार होतं. पण तसं म्हटलं तर दादाचाही खरा ठरत होता, आणि समोर ती माणसं बसली होती ज्यांना त्याने दुसऱ्यांदा पाण्यात उतरवलं होतं. त्याचे वर गेलेले हात खाली आले.

"नियम तुमचाच आहे, पाळकसाहेब," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

दीर खाली बसला. एकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि दार अर्धं लोटून उभा राहिला. कालपासून प्रार्थना होत नाही, म्हणाला. तोंडून काय गेलं ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"दादाचा बाप्तिस्मा खरा होता, वहिनी. तुमचाही. आता तरी सांगा."

"हे दार लोटून सांगताय? शवपेटीपाशी बोललात तेव्हा हॉल भरला होता. तेवढाच भरवा आणि तिथे म्हणा."

"लोक सोडून जातील मला."

"जातील खरे," वहिनी म्हणाली.

मग त्याने एवढंच विचारलं, ते दादाबद्दल होतं का. त्याचे डोळे थेट त्याच्या भावासारखे होते. वहिनीने ते पाहिले, मान खाली घातली आणि मशीन चालू केलं. त्याने पुन्हा काहीतरी विचारलं, ते आवाजात बुडालं.

तो गेल्यावर तिने मशीन थांबवलं. टेबलावर त्याच्या मंडळीकडून आलेले झगे होते, सर्वांत वर त्याचा स्वतःचा, पाण्यात उभं राहून बाप्तिस्मा देताना घालायचा. तिने घेर उलटला, नेहमीचं शिसं घातलं आणि थोडा विचार करून वर आणखी मूठभर.