"येतो गं आई"

चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत गेला होता. लोणी काळभोरला शालूबाईंच्या घरी मेलेला मुलगा बोलतो म्हणे! कल्याणी अंग चोरून आत शिरली. तो मुलगा, रणजित, तिच्या ऑफिसातला, शेजारच्याच टेबलावर बसणारा. अपघातात जाऊन त्याला दोन महिने झाले होते.

नादमहाराज नावाच्या बुवांनी रणजितच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकल्या आणि रणजितचाच आवाज आला, "आलो गं आई!" बायका हुंदके देऊ लागल्या. थोड्या वेळानं महाराजांनी मशीन बंद केलं, तेव्हा तोच आवाज म्हणाला, "येतो गं आई."

"ऐकलंत? येतो म्हणतोय!" महाराज गरजले. "ब्रह्मनाद वायरीतून उतरतोय! पण सुईनं टोचलेल्या देहाजवळ आत्मा थांबत नाही."

म्हणून शालूबाईंनी इन्सुलिन सोडलं होतं. पाच दिवस! ओठ सुकलेले, धाप लागलेली, सारखी तहान तहान. कल्याणी गर्दीतून पुढं घुसली. बाई मरायला टेकलीय आणि हे लोक हात जोडून बसलेत!

"महाराज, आत्मा बटण दाबल्यावरच बरा बोलतो?" तिनं विचारलं.

"मशीनला हात लावू नकोस, पोरी! भस्म होशील!"

"मग झाडू तेवढा जवळ ठेवा."

तिनं सरळ मशीन सुरू केलं आणि आतल्या फायली उघडून पाहिल्या. "मावशी, हे लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतं. सुरू होताना ते कामांची एक यादी वाचतं, बंद होताना दुसरी. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. यादीत लिहिलंय ते मुकाट्यानं करतं, बस्स. रणजितनं तुम्हाला हसवायला दोन्हींत आपला आवाज भरून ठेवला होता. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, म्हणून 'येतो' म्हणालाय. पटत नाही? या माइकमध्ये बोला काहीतरी."

शालूबाई वाकल्या. "रणजित, जेवलास का रं?"

कल्याणीनं तो आवाज पहिल्या यादीत लावला आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. ओळी सरकल्या.

"रणजित, जेवलास का रं?"

शालूबाई दचकल्या. "आगं, पण मी तर जिती हाय!"

महाराज चपला शोधायला लागले.

"आवाज कुठून येतो ते आधी विचारा, नमस्कार नंतर करा!" कल्याणी लोकांवर ओरडली. "तुमच्या नमस्कारांनी ही बाई मरत होती. रिक्षा आणा, दवाखान्यात न्यायचंय!"

"मग त्यो येणार न्हाई?" शालूबाईंनी विचारलं.

कल्याणीला रडू फुटलं. "नाही, मावशी."

"बंद कर बाई त्ये."

तिनं मशीन बंद केलं. "येतो गं आई," रणजित म्हणाला.

इतके दिवस शालूबाई त्यावर "ये" म्हणायच्या. आज त्या म्हणाल्या, "जा, बाळा." आणि भिंत धरत रिक्षाकडे निघाल्या.