मी हद्दीवर परत जाणार नाही

मी दगड आहे. विमानतळाच्या हद्दीचा दगड. मला पुन्हा मूळ जागी रोवा, असा हुकूम निघालाय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म त्र्यंबकच्या वाटेवरल्या खाणीतला. चौकोनी घडवून, चुना फासून, माथ्यावर लाल बाण काढून मला जीपमध्ये घातलं, तेव्हा मी चांगलाच फुशारलो होतो. नाशिक वाढणार, एक विमानतळ पुरायचा नाही, म्हणून पुढच्या तीस वर्षांचा आराखडा निघाला होता. दुसऱ्या विमानतळाची धावपट्टी जिथे संपणार, तिथे मला रोवलं. ती जागा म्हणजे नवसाबाई आणि मोतीराम या नवराबायकोचं झेंडूचं वावर.

"जमीन आत्ता कोणी घेत नाही, मावशी," मोजणीचे साहेब म्हणाले. "नुसती राखून ठेवलीय. घर, विहीर, नवं काही करायचं नाही."

"आन् इमान कधी यायचं?" नवसाबाईने विचारलं.

"ते वर ठरेल."

वर्षं गेली. माझा चुना उडाला. माझ्यावरून विमान काय, विमानाची सावलीही गेली नाही. आराखडा मात्र बदलत राहिला. कधी धावपट्टी लांबायची, कधी पूर्वेला वळायची. दरवेळी नवे साहेब यायचे, माझ्यावर बसून चहा प्यायचे, लांब बोट दाखवून माना हलवायचे. अजून न आलेल्या गोष्टीबद्दल बोलताना माणसांना केवढा जोर चढतो!

जुनी विहीर होळीलाच तळ गाठायची. नवसाबाई डोक्यावर घागरी आणून रोपं जगवायची. मुलगा राज कंटाळून सातपूरला कारखान्यात लागला. मोतीराम म्हणायचा, "होईल काहीतरी, थांब जरा." असं म्हणता म्हणता एका उन्हाळ्यात तोच गेला.

त्याचे दिवस झाल्यावर नवसाबाई सुनेला घेऊन माझ्यापाशी आली.

"मनीषा, ह्यांनी लय वाट पाह्यली," ती म्हणाली. "मी नाय पाहनार. हितं विहीर खनायची."

खोदायचं मशीन आलं. राज घाबरला. "आई, केस होईल."

"होऊ दे. फुलं तर जगतील."

साहेबही आले, काम थांबवा म्हणाले. नवसाबाई माझ्यावर बसली, उठली नाही.

"साहेब, जागा पायजे तर आज घ्या, मी जाते. नाय पायजे तर सोडा. पन मला असं टांगून ठिवू नका."

"ते आमच्या हातात नाही, मावशी."

"मंग माझ्या हातात हाय त्ये मी करते." तिने मशीनवाल्याला खूण केली.

त्या क्षणी मी बाजू बदलली. ज्यांनी मला रोवलं, त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. ही बाई मात्र माझ्यावर बसून सगळ्यांना पुरून उरली होती.

काळा खडक फुटला आणि पाणी लागलं. लांब उभा असलेला राज शिडीवरून खाली उतरला. गढूळ पाणी ओंजळीत घेऊन तो किती तरी वेळ नुसता बघत राहिला.

मोटार बसवायला पक्का पाया हवा होता. नवसाबाईने पहार घेतली आणि मला उपटलं. राजने आणि मनीषाने ढकलत ढकलत विहिरीपाशी आणलं. आता मोटार माझ्या पाठीवर आहे. ती धडधडली की मीही थरथरतो. इतकी वर्षं नुसता उभा राहिलो, आता कुठे कामाला आलो.

केस चालू आहे. नवा आराखडाही आलाय, आणखी पुढच्या सालापर्यंतचा. साहेब, शहराला विमानं लागतात, हे दगडालाही कळतं. आखा तुमचे आराखडे. पण आधी ठरवा, मग रोवा. कुणाचं अख्खं आयुष्य राखून ठेवू नका.

मला न्यायला याल, तर आधी मोटार बंद करावी लागेल. आत्ता झेंडूला पाणी चाललंय. बसा बांधावर. आता तुम्ही वाट बघा.