स्वाध्याय चिकटवलेलं पुस्तक

मित्रांनो, मी इतिहासाचं एक जुनं पुस्तक आहे. माझा पुठ्ठा गेला आहे आणि पानं दोऱ्याने शिवलेली आहेत. चाकणच्या कारखान्यांमागे एक शाळा आहे. तिथेच माझं आयुष्य गेलं.

पहिली काही वर्षं मुलं माझा धडा वाचतच नसत. थेट शेवटचा स्वाध्याय उघडायची, प्रश्नातला शब्द धड्यात शोधायची, ती ओळ उतरवायची आणि खेळायला पळायची. उत्तर बरोबर यायचं. मला वाटायचं, आपण छान शिकवतो.

मग विजयश्रीबाई आल्या. त्यांनी खळ लावून माझे सगळे स्वाध्याय चिकटवून टाकले. मला फार राग आला. बाई वर्गाला म्हणाल्या, "आता प्रश्न तुम्ही काढायचे."

त्या वर्षी चौथीत मदिना होती. तिचे वडील गॅरेजमध्ये कामाला होते. ती घडाघडा वाचायची, पण काय वाचलं ते तिला सांगता येत नसे. म्हणून वर्गातला एहसान तिला 'रेडिओ' म्हणायचा. सोमवारपासून तिला तिसरीच्या मुलांत वाचायला बसवायचं ठरलं होतं. तिनेही बाईंना सांगून टाकलं होतं, "मग मी शाळेत येणारच नाही."

शनिवारी चाकणच्या किल्ल्याला पडलेल्या वेढ्याचा धडा होता.

"कोण विचारतंय प्रश्न?" बाई म्हणाल्या.

"रेडिओ, लाव स्टेशन!" एहसान ओरडला.

मदिना उठली. "बाई, पन्नास दिवसांच्या वर वेढा होता. मग आतल्या माणसांना पाणी कुठलं?"

"टँकर मागवला असेल!" एहसान म्हणाला. सगळे हसले.

"गप रे. आमच्या चाळीत दोन दिवस टँकर नाही आला तर भांडणं लागतात."

"धड्यात बघ," बाई म्हणाल्या.

मदिनाने मला जवळ ओढलं. पहिल्यांदाच ती हळू वाचत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाई, जूनमध्ये वेढा पडला आणि ऑगस्टमध्ये किल्ला गेला. म्हणजे पावसाळा होता. त्यांनी पावसाचं पाणी धरलं असेल."

"असं लिहिलंय का तिथे?"

"नाही लिहिलं. पण कळतंय."

"आणि बाहेरचं सैन्य चिखलात!" एहसान उठूनच उभा राहिला. "त्यांची तर वाटच लागली असेल, बाई!"

बाई हसल्या. "मदिना, सोमवारी तुझ्याच जागेवर बस."

मित्रांनो, बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांनी मला कामाला लावलं, हे उपकार मी विसरणार नाही. माझी पानं दुमडू नका, मला ओलीत ठेवू नका. आणि वाचताना मध्येच थांबून मला काहीतरी विचारा. कुणी विचारलं की मला अजूनही फार बरं वाटतं.