बर्फाच्या दिवशी लावलेलं फाटक

मित्रांनो, वैतागलेलं फाटक तुम्ही कधी पाहिलं नसेल. आता पाहून घ्या. मी डोंगरातल्या एका कुरणाचं जुनं लाकडी फाटक आहे आणि माणसांनी मला नुसता उच्छाद आणला आहे.

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात तुर्मेना नावाचं खोरं आहे. तिथून एक खडीचा रस्ता वर खिंडीकडे चढत जातो. त्याच्या अर्ध्या वाटेवर मी उभा आहे. जागा चिंचोळी. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला ओढ्याची खोल घळ. माझ्या वर गाईंचं उन्हाळी कुरण, खाली जंगल आणि जंगलाच्या पायथ्याशी प्लाजूर गाव. त्या गावच्या याखेन सुताराने मला लार्च नावाच्या डोंगरी झाडाच्या चिवट लाकडातून घडवलं. काम संपल्यावर त्याने मला दोन सणसणीत लाथा घातल्या आणि म्हणाला, "बैल आला तरी हलायचं नाही, कळलं?" मी तेव्हा नवाकोरा होतो. मला त्या लाथांचा फार अभिमान वाटला.

पुढे पुष्कळ वर्षं माझं बरं चाललं. उन्हाळ्याच्या तोंडाला गावातल्या सगळ्यांच्या गाई वर यायच्या, थंडी जवळ आली की खाली जायच्या. गुराखी यायचे, कडी काढायचे, पलीकडे गेले की कडी घालायचे. त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. सगळे लहानपणी एकेक उन्हाळा वर काढूनच मोठे झालेले.

मग जाड टायरांच्या सायकली आल्या. गुळगुळीत रस्ता सोडून खडीवरून खिंडी ओलांडायची एक टूमच निघाली. या सायकलवाल्यांवर माझा मुळात राग नाही. घाम गाळून येतात, डोंगर बघून हरखतात. पण फाटक म्हणजे काय, हे त्यांच्या गावीही नसतं. पुढचा म्हणतो, मागचा लावेल. मागचा म्हणतो, उघडंच होतं की. आणि मी आ वासून उभा. माझ्यावर ओले मोजे वाळत घालतात, मला सायकली टेकवतात, माझ्यापाशी उभे राहून फोटो काढतात. "काय सुंदर जुनं फाटक आहे," असंही म्हणतात. अरे, सुंदर आहे तर बिजागरीला थेंबभर तेल तरी घाला. ते नाही.

या कुरणाची गुराखीण आहे मेंजिया. पन्नाशी उलटलेली, आवाज असा की खिंडीपलीकडच्या गाईसुद्धा कान टवकारतील. गावाच्या सगळ्या गाई उन्हाळाभर तिच्या हवाली. त्यांतली सर्वांत म्हातारी स्टाइला, कळपाची पुढारीण. सगळ्यात मोठी घंटा तिच्या गळ्यात. ती चालली की बाकीच्या मुकाट्याने मागून चालतात. तिचा हा वर यायचा शेवटचा उन्हाळा होता. पुढच्या वर्षी चढ तिला झेपला नसता.

आमच्याकडे एक रीत आहे. उन्हाळ्यात सगळी जनावरं सुखरूप राहिली, तर गाई डोक्यावर फुलांचे मुकुट मिरवत गावात उतरतात. एक जरी दगावली, तर सगळा कळप बोडका उतरतो. मागच्या वर्षी विजेने एक कालवड मारली आणि मेंजियाला बोडका कळप घेऊन गावातून जावं लागलं होतं. यंदा तिने चंगच बांधला होता. दुपारी माझ्या खांबाला पाठ टेकून ती स्टाइलाचा मुकुट विणायची आणि तिला सांगायची, "म्हातारे, यंदा तुला नवरीसारखी नेते बघ."

जुलैत मात्र घोटाळा झाला. गावचा बसचालक रिएत आपल्या मित्रांना घेऊन सायकलवरून खिंडीकडे गेला. मी उघडाच. तीन वासरं थेट बसच्या रस्त्यावर पोचली. ती हुडकता हुडकता मेंजियाच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी ही मंडळी परतली, तेव्हा ती माझ्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"काय रे रिएत, बसचं दार असंच सताड उघडं टाकून गाडी हाकतोस का?"

"नाही मावशी."

"मग माझंच दार तुझं काय वाकडं करत होतं?"

मित्र हसायला लागले. रिएत कानापर्यंत लाल झाला. "मावशी, मागून कोणीतरी येईल असं वाटलं."

"आली ना मागून. वासरं आली. तुझ्या बसमध्ये बसायची तेवढी राहिली होती." मग तिने बोट रोखलं. "नीट ऐक. इथून पुढे हे फाटक उघडं दिसलं की लावायचं. कोणी उघडलं, का उघडलं, काही विचारत बसायचं नाही. लावायचं."

दुसऱ्याच दिवशी तिने एक फळी रंगवून माझ्या छातीवर ठोकली. 'फाटक लावा. नेहमी.' रिएत तर इतका सुधारला की वाटेत भेटेल त्या सायकलवाल्याला फाटकाचे धडे द्यायला लागला. मला वाटलं, चला, म्हातारपणी तरी सुख लागलं.

ऑगस्टच्या शेवटी आभाळ शिशासारखं झालं. वारा वळला. आमच्या डोंगरात ऑगस्टमध्येही बर्फ पडतो आणि त्यासाठी गाईंचा एक जुना हक्क आहे. बर्फ आला की त्यांनी खालच्या जंगलात आसऱ्याला जायचं. कोणाचंही जंगल असो, अडवायचं नाही. म्हणून मेंजियाने सकाळीच मला पूर्ण उघडलं आणि तारेने कड्याच्या खडकात ठोकलेल्या आकड्याला बांधून टाकलं. जुन्या गाईंना सांगावं लागत नाही. पहिला बर्फ नाकावर पडला की स्टाइला त्यांना घेऊन आपणहून खाली येते. वासरांना हे कळत नाही. म्हणून मेंजिया त्यांना गोळा करायला वरच्या टोकाला गेली.

दुपारी बर्फ आला. सोबत धुकं. आणि गाईंच्या आधी आला रिएत.

खिंडीवरून तो एकटाच उतरत होता. ओठ निळे, बोटं काकडलेली. मला उघडं बघून त्याने ब्रेक दाबला. "आता हा कोण शहाणा गेला?" असं पुटपुटत तो उतरला. बोटांनी तार सुटेना, तर दातांनी सोडवली. अरे बाबा, सायकलवाले फाटक उघडं टाकतात, तारेने बांधून ठेवतात का? पण एवढं डोकं कोण चालवणार? त्याने मला ओढलं, कडी घातली, पुन्हा हलवून खात्री केली. "मावशी खूश होईल," म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, मी इतके उन्हाळे आ वासून उभा राहिलो तेव्हा कोणी मला लावलं नाही. आणि नेमकं त्या दिवशी लावलं.

थोड्याच वेळात धुक्यातून घंटा ऐकू आल्या. स्टाइला सर्वांच्या पुढे. तिने माझ्या फळीला कपाळ लावलं आणि थांबली. गुणी जनावर, तिला वाटलं असेल, मेंजिया येऊन उघडेल. पण मागच्यांना धीर नव्हता. पाठीवर बर्फ, मागून रेटा. चाळीस गाईंचा भार माझ्यावर आला. मी कुरकुरलो, वाकलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, मोडावं. तुकडे तुकडे होऊन पडावं. पण याखेनने मला बैलाला पुरून उरेल असं केलं होतं. मी मोडलो नाही. बाजूला सरकता सरकता स्टाइलाचा मागचा पाय घळीच्या कडेवरून सुटला.

मेंजिया वासरं घेऊन आली, तेव्हा तिने आधी मला उघडलं आणि कळप खाली सोडला. मग ती घळीत उतरली. बराच वेळ वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. रिएत सायकलवरून आला, चेहरा हसरा. मेंजिया माझ्यापाशी बसली होती.

"मावशी, काल फाटक उघडं होतं बरं का. मी लावून गेलो."

"तू लावलंस?"

"हो. तुम्हीच म्हणाला होतात ना, विचारायचं नाही, लावायचं."

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. पण तिचा तो आवाज आलाच नाही. "हो रे. मीच म्हणाले होते," ती म्हणाली. मग तिने घळीकडे हात केला. रिएत कडेपर्यंत गेला आणि त्याने वाकून पाहिलं. खाली स्टाइला निपचित पडली होती.

"बर्फात हे उघडं ठेवतात, रिएत. तुझ्या आज्याला माहीत होतं."

"मला कोणी कधी सांगितलं नाही."

"तू इथलाच ना. मला वाटलं, माहीत असणार." ती डोळे पुसत म्हणाली, "लावा म्हणून ओरडत राहिले. कशासाठी, ते बोललेच नाही."

सप्टेंबरात गाई खाली निघाल्या. सगळ्या बोडक्या. त्या दिवशी रिएत सायकल न घेता पायी आला होता. कळप जाईपर्यंत त्याने मला धरून ठेवलं. सर्वांत शेवटी मेंजिया बाहेर पडली. रिएतने कडीवर हात ठेवला, पण घातली नाही.

"मावशी, लावू का?"

ती थांबली. खाली कळप पुढे चालला होता, तरी थांबली. "नको. हिवाळ्यात वरून बर्फ घसरतो. लावलेलं असलं तर मोडून नेतो. उघडंच बांध." आणि मग तिथेच उभी राहून तिने त्याला सगळं सांगितलं. कधी उघडायचं, कधी लावायचं, तार बांधलेली असली तर काय समजायचं. आणि प्रत्येक गोष्टीचं कारणही सांगितलं.

मित्रांनो, माझ्यासारखी फाटकं तुम्हाला पुष्कळ वाटांवर भेटतील. त्यांवर पाट्याही असतील. पाटी जरूर वाचा, पण तेवढ्यावर निघून जाऊ नका. जवळ कोणी असेल तर त्याला विचारा. कोणी नसेल तर कडीला हात लावण्याआधी मागे वळून डोंगराकडे एकदा बघा. कोणीतरी घरी यायला निघालेलं असेल.